विमान उतरताना कान का ठणकला?

प्रश्न : काकडीच्या शिर्डी विमानतळावरून पहिल्यांदाच विमानाने गेलो. सर्दी होती. उतरताना डावा कान असा ठणकला की डोळ्यांत पाणी आलं. अजून दडा बसलाय. कायमचं बिघडलं का?
– एक वाचक, कोपरगाव

उत्तर : बहुधा नाही. विमान ३५,००० फुटांवर असलं तरी आतला दाब साधारण ६ ते ८ हजार फुटांवरच्या हवेइतका ठेवतात. आपलं कळसूबाई ५,४०० फूट; म्हणजे तुम्ही त्याच्याही वर बसला होतात! उतरताना हा दाब वाढतो, पडद्यामागचा कमीच राहतो आणि पडदा आत ओढला जातो. नाकामागून कानात जाणारी नळी गिळताना उघडून दाब सारखा करते. सर्दीने ती सुजते. वैमानिकांनीही सर्दीत उड्डाण टाळायचं असतं. दोन कानांतला दाब असमान राहिला की चक्करही येऊ शकते; ऐन उतरताना त्यांनाच आली तर?

पुढच्या वेळी विमान खाली येऊ लागताच आवंढे गिळा, गोळी चघळा, झोपू नका. नाक दाबून हळूच फुंकलं तरी चालतं, जोर मात्र नको. तान्ह्या बाळाला तेव्हा पाजावं. दोन-चार दिवसांत दडा सुटला नाही, कान वाहिला किंवा गरगरलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.