बंद पडलं तर नव्हे, चालूच राहिलं तर?

अहिल्यानगरला मासे पाळणाऱ्याची पहिली झटापट माशांशी नसते, पाण्याशी असते. नळाला मुळा धरणाचं पाणी येतं, मुळानगर, विळद, वसंत टेकडी अशी मजल दरमजल करत. वाटेत कुठे वीज गेली की इकडे नळ कोरडे. मग बोअर. काळ्या पाषाणातून आलेलं ते पाणी इतकं जड, की टाकीच्या काचेवर पांढरी रेघ कायमची. पिण्याच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, 500 पर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावा, असं भारतीय मानक सांगतं. आमची बोअर या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी. माणसं निभावून नेतात. ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातले डिस्कस मात्र कुरकुरतात.

म्हणून आधीच सांगतो : बोअरचं पाणी असेल तर मॉली, गप्पी किंवा मलावी सरोवरातले सिक्लिड पाळा. आरओची भानगडच नको. पण डिस्कसचा नाद लागलेल्याला हे सांगून उपयोग नसतो. मला तरी कुठे झाला!

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी भराभर उडतं. वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात. म्हणून भर घालायची ती आरओच्याच पाण्याची. ही रोजची भर आपोआप पडावी म्हणून आरओची नळी थेट टाकीत सोडली आणि काठाशी एक छोटा फ्लोट बसवला. पातळी उतरली की पाणी सुरू, चढली की बंद. काही महिने उत्तम चाललं. मग एका रात्री नखाएवढी गोगलगाय त्या फ्लोटच्या बिजागरीत जाऊन बसली. फ्लोट खालीच अडकला आणि आरओ चालूच राहिला.

घरगुती आरओ ताशी 15 लिटरच्या आसपास पाणी देतो. सात तासांचा हिशेब करा : शंभरेक लिटर. माझी टाकी दीडशे लिटरची. जुनं पाणी काठावरून हॉलमध्ये, नवं जवळजवळ क्षारविरहित पाणी आत. पाण्यातलं बायकार्बोनेट असं विरळ झालं की पीएच सावरून धरणारं काही उरत नाही. सकाळी डिस्कस काळवंडून, पंख मिटून कोपऱ्यात उभे होते. त्यातले दोन संध्याकाळपर्यंत गेले. ओघळ स्टँडखालच्या एक्स्टेंशन बोर्डापर्यंत पोचला होता, त्याचा विचार आजही नको वाटतो. शिवाय आरओ जेवढं शुद्ध पाणी देतो त्याच्या दुप्पट-तिप्पट मोरीत सोडतो; टँकरच्या या जिल्ह्यात तेही रात्रभर वाहिलं.

तेव्हापासून कुठलंही यंत्र जोडताना मी एकच विचारतो : हे चालूच राहिलं तर जास्तीत जास्त काय बिघडेल? पाण्याची भर बंद पडली तर मासे दोन दिवस सहज काढतात.

तर आरओची नळी टाकीत कधीही सोडू नका. ती सोडायची पिंपात, आणि पिंप ठेवायचं मोरीजवळ. पिंपाला दोन फ्लोट लावा, एक तळाशी, एक वर. पिंप पार उतरल्यावरच आरओ सुरू व्हावा आणि भरेपर्यंत सलग चालावा. दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं चालणारा आरओ वाईट पाणी देतो, कारण तो थांबलेला असताना मेंब्रेनच्या पलीकडचे क्षार हळूहळू अलीकडे झिरपतात आणि सुरुवातीचं पाणी खारट येतं. मीटर लावून पाहा, खात्री पटेल. वरच्या फ्लोटवरही विसंबू नका. त्याच्या वर साधा बॉलकॉक, आणि त्याच्याही वर पिंपाला भोक पाडून मोरीत सोडलेला ओव्हरफ्लोचा पाइप. या पाइपाला ना वीज लागते ना प्रोग्रॅम.

पिंपातून टाकीत पाणी चढवायला छोटा पंप, टाइमरवर, दिवसातून मिनिट-दोन मिनिटं. टाइमर बॅटरीचा घ्या. तबकडीचा टाइमर वीज गेली की जागीच थांबतो आणि वेळ सरकते. पंपाच्या नळीचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या वरच राहू द्या. ते बुडालं, तर पंप थांबताच टाकीच उलटी पिंपात रिकामी होऊ लागते.

पाणी बदलताना मात्र नुसतं आरओ नको, त्यात बोअरचं पाणी थोडं मिसळा. नळाचं मिसळत असाल तर अँटीक्लोरीन घालून. क्लोरीन फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना मारतं, मेंब्रेनलाही खातं. म्हणून आरओची कार्बनची कांडी वेळेवर बदला. मोरीत जाणारं पाणी बादलीत धरलं तर फरशी आणि संडासाला चालतं. कुंड्यांना घालू नका, माती खारावते.

आणि खर्चाचा हात आखडता असेल तर टाइमर, फ्लोट सगळं पुढच्या महिन्यावर ढकला. ओव्हरफ्लोचा पाइप आणि टाकीच्या विजेच्या लाइनवर ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच ती तोडणारा स्विच, एवढं आधी बसवून घ्या.