दोन तरुणांच्या नावाने

शास्त्रपाठ : २ राजे ५:१५–२७
जोडवाचन : निर्गम २३:८, १ शमुवेल १२:१–५, लूक १०:७
पाठाचा उद्देश : खेळाच्या निमित्ताने मुलांपुढे येणारा लपवाछपवीचा पैसा ओळखता यावा व त्याला नकार देण्याचे बळ यावे.



आपल्या मुरगाव तालुक्यात खेळ म्हटला की फुटबॉल. बायणा, सडा, बोगदा येथील मुलांचे डोळे वास्कोच्या टिळक मैदानाकडे लागलेले असतात. अशा एखाद्या गुणी मुलाच्या घरी कोणी आला, आईच्या हाती पाकीट ठेवले आणि म्हणाला, "मुलाला आमच्याकडेच पाठवा, पण ही गोष्ट कोणाला बोलू नका," तर त्यात पाप ते काय? हा प्रश्न वर्गात निघेल तेव्हा शिक्षकाजवळ उत्तर हवे. म्हणून या पाठात अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलचे उदाहरण घेतले आहे. तेथे ही गोष्ट न्यायालयापर्यंत गेली आणि तिचे सर्व पदर लोकांसमोर आले.

१. खेळ कोठून कोठे गेला

बास्केटबॉलचा जन्म १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथील वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात झाला. जेम्स नेस्मिथ या ईश्वरज्ञान शिकलेल्या शिक्षकाने, हिवाळ्यात तरुणांना छपराखाली खेळता यावे म्हणून पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या, आणि खेळ सुरू झाला. तेव्हा त्यात पैशाचा संबंध नव्हता. पुढे खेळ कॉलेजांत रुजला व लोकप्रिय झाला. २०१० साली तेथील कॉलेजांच्या राष्ट्रीय क्रीडा संघटनेने आपल्या वार्षिक स्पर्धेच्या दूरदर्शन प्रक्षेपणासाठी १४ वर्षांचा करार केला. त्याची रक्कम होती १०८० कोटी डॉलर.

खेळणाऱ्या मुलाला मात्र नियमाप्रमाणे शिष्यवृत्ती मिळे. म्हणजे मुख्यतः फी, राहणे, जेवण व पुस्तके. त्याने आपल्या कॉलेजात यावे म्हणून त्याला किंवा घरच्यांना पैसे देण्यास सक्त मनाई होती. जेथे एवढा पैसा खेळतो आणि पुढचे दार बंद असते, तेथे मागचे दार उघडल्यावाचून राहत नाही.

२. मागच्या दाराचा पैसा

मिशिगन विद्यापीठाच्या संघाभोवती वावरणारा एड मार्टिन नावाचा गृहस्थ मोटार कारखान्यांतील कामगारांत आकड्यांचा बेकायदा जुगार चालवी, आपल्याकडील मटक्यासारखाच. त्या पैशातून त्याने चार खेळाडूंना मिळून ६,१६,००० डॉलर दिल्याचे २००२ साली उघड झाले. विद्यापीठाने १९९२ व १९९३ च्या संघांच्या गौरवाचे झेंडे उतरविले आणि त्या काळातील अनेक विजय कागदोपत्री रद्द झाले. ज्यांनी एक पैसाही घेतला नव्हता, अशा सोबत्यांची कमाईही त्यात पुसली गेली.

दुसरे प्रकरण २६ सप्टेंबर २०१७ रोजी बाहेर आले. सरकारी वकिलांनी दहा जणांवर आरोप ठेवले. त्यांत वेगवेगळ्या विद्यापीठांचे चार साहाय्यक प्रशिक्षक होते आणि आदिदास या बूट बनविणाऱ्या कंपनीचा एक अधिकारी होता. एका खेळाडूने लुईव्हिल विद्यापीठात जावे म्हणून त्याच्या कुटुंबाला १,००,००० डॉलर हप्त्याहप्त्याने देण्याचे ठरले होते. मुलाने सांगितले की, आपल्याला याची काहीच कल्पना नव्हती. तरीही कॉलेजच्या संघातून एकही सामना त्याला खेळता आला नाही. अखेर तो खेळण्यासाठी ऑस्ट्रेलियात गेला. कंपनीचा अधिकारी व त्याचे दोन साथीदार यांना ऑक्टोबर २०१८ मध्ये ज्यूरीने दोषी ठरविले आणि पुढच्या वर्षी तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या. चारही प्रशिक्षकांनी लाचेचा गुन्हा कबूल केला. खेळाडूंनी अमुक सल्लागाराकडेच जावे, म्हणून त्यांचे मन वळविण्याचे पैसे त्यांनी घेतले होते. ज्याच्यावर मुले वडिलांसारखा भरवसा ठेवतात, त्यानेच त्यांचा सौदा केला.

३. पण नियमच अन्यायाचा होता ना?

वर्गातील हुशार मुलगा हे विचारीलच, आणि त्याचे म्हणणे टाळू नये. कामकऱ्याला मजुरी मिळावी हे प्रभूनेच शिकविले आहे. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी संघटनेच्या काही बंधनांविरुद्ध एकमताने निकाल दिला. त्याच जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर व छायाचित्रावर कमाई करण्याची मोकळीक मिळाली. जून २०२५ मध्ये झालेल्या न्यायालयीन तडजोडीमुळे विद्यापीठेही खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली.

मग काल जे पाप होते ते आज पुण्य झाले काय? नाही. मजुरीचा नियम बदलला. खोटेपणाबद्दलचा नियम बदललेला नाही. खेळाडू नियमात बसतो अशा समजुतीने विद्यापीठ शिष्यवृत्ती देत होते, आणि ती समजूत खोटी ठेवण्यासाठी पैसा लपविला जात होता. न्यायालयाने शिक्षा दिली ती या फसवणुकीबद्दल.

४. गेहजीचे पाप कोणते?

आता शास्त्रपाठाकडे वळू. नामान बरा झाला व त्याने देणगी पुढे केली. अलीशाने ती नाकारली. गेहजी मात्र त्याच्या रथामागे धावला. त्याने चोरी केली नाही. नामानाने आपल्या खुशीने, मागितले त्याहूनही अधिक दिले. मग दोष कोठे? गेहजी म्हणाला की, संदेष्ट्यांच्या मंडळीतील दोन तरुण आले आहेत, त्यांच्यासाठी हवे. त्या तरुणांच्या नावाने रुपे व पोशाख आले आणि गेहजीच्या घरात लपले. धनी विचारू लागला, तेव्हा त्याने आपण कोठेच गेलो नव्हतो असे सांगितले.

तरुणाचे नाव, मोठ्यांचा लाभ, आणि वर खोटे उत्तर. लुईव्हिलच्या गोष्टीत याहून वेगळे काय आहे?

५. घरी व मंडळीत

पैसा पुढे आला की मुलांनी व आईबापांनी तीन गोष्टी पाहाव्यात. हा पैसा कागदावर लिहून पावती देता येईल काय? ज्याच्या नावाने तो येतो, त्याला सर्व ठाऊक आहे काय? उद्या कोणी विचारले तर खरे उत्तर देता येईल काय? तिन्हींचे उत्तर 'होय' असेल, तर ती मजुरी किंवा शिष्यवृत्ती आहे, आनंदाने घ्यावी. एकाचेही उत्तर 'नाही' असेल, तर पाकीट परत करावे.

मात्र गरीब आईबापांना केवळ उपदेश करून भागणार नाही. पाकीट घेऊन येणारा माणूस नेमका फी भरण्याच्या दिवसांत येतो. मुलाचे बूट, प्रवासखर्च, शाळेची फी यांसाठी मंडळीने आपल्या निधीतून उघडपणे, हिशेबात नोंद करून मदत केली, तर त्या आईला नकार देणे सोपे जाईल.

चर्चेसाठी प्रश्न

(१) नामानाने खुशीने दिले, तरी गेहजी दोषी का?
(२) मुलाला न सांगता त्याच्या नावाने पैसे घेणाऱ्या बापाने मुलाचे कोणते नुकसान केले?
(३) आपल्या मंडळीत खेळात पुढे येणारे मूल कोण? त्याची उघड मदत आपण कशी करू?

पाठांतरासाठी : निर्गम २३:८