लाल खडा म्हणजे माणिकच असे नाही

दुरुस्तीला अंगठी देताना गिऱ्हाईक सांगते, "माणिक आहे, जपून." कारागीर पावतीवर 'माणिक' लिहितो, बत्ती लावतो, आणि खड्यात पांढरे तडे दिसू लागतात. मग भरपाई कोणाच्या माथी येते, हे आपल्या सोनारकाम व जडाव करणाऱ्या बांधवांना सांगायला नको.

रंगावर मुळीच विसंबू नये. माणिक म्हणजे याकूत, स्पिनेल, तामडा, तुरमली आणि काच हे सारे एकाच लाल छटेत मिळू शकतात. ब्रिटनच्या राजमुकुटातील 'ब्लॅक प्रिन्सचे माणिक' शतकानुशतके माणिक म्हणून मिरवले. प्रत्यक्षात तो स्पिनेल आहे. बदख्शानच्या खाणींतून येणारा, फार्सीतला 'लाल' तो हाच. अल्-बिरूनी (९७३-१०४८) यांनी मात्र याकूत आणि लाल यांतला फरक पाण्याच्या साहाय्याने वजन करून नोंदवला होता.

ती रीत आजही कामाची आहे. कोंदणातून सुटा केलेला खडा आधी हवेत तोलावा, मग बारीक तारेत अडकवून पाण्यात. समजा, हवेत ५.२० कॅरेट भरला आणि पाण्यात ३.९०. फरक १.३०. त्याने ५.२० ला भागले की ४ येतात. हा आकडा माणकाचा. स्पिनेलचा ३.६ च्या आसपास येतो, गुलाबी तुरमलीचा ३.०६, गुलाबी स्फटिकाचा २.६५. काचेचा नेम नाही. फार लहान खड्यावर हा हिशेब भरवशाचा नसतो.

गडद तामडाही ४ च्या जवळ भरतो, ही खरी अडचण. खडा पाण्यावर तरंगणाऱ्या थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवून निओडिमियमचे जोरदार लोहचुंबक जवळ न्यावे. तामडा ओढला जातो, माणिक जागचे हलत नाही. कानशीने ओरखडा काढून पाहण्याची जुनी खोड सोडावी; त्यात माल गिऱ्हाइकाचा खराब होतो.

कारखान्यातले माणिक वजनात पकडता येत नाही, कारण पदार्थ तोच आहे. फ्रेंच रसायनतज्ज्ञ व्हर्नाय यांनी ही रीत १९०२ मध्ये जाहीर केली. अशा खड्यात दहापट भिंगाखाली वक्र रेषा किंवा गोल बुडबुडे दिसतात. नोटा तपासण्याच्या दिव्याखाली तो लालभडक चमकतो, पण बर्माचे अस्सल माणिकही चमकते. तेव्हा नुसत्या चमकेला पुरावा मानू नये.

सर्वांत घातक माल म्हणजे शिसेयुक्त काच भरलेले माणिक. २००४ च्या सुमारास ते बाजारात आले. भेगाळलेल्या हलक्या खड्यात काच मुरवतात, की तो आरशासारखा स्वच्छ दिसतो. भिंगाखाली खडा हळूहळू फिरवावा. भेगांत निळी झळक आणि चपटे बुडबुडे दिसले तर बत्ती विझवावी. आच, तेजाब, एवढेच काय लिंबाचा रसही त्या काचेला खातो. अस्सल माणकालाही टाकणखार लावून आच देऊ नये, पृष्ठभाग खडबडीत होतो. डाग लावण्यापूर्वी खडा काढून ठेवावा.

अंगठी घेताना पावतीवर 'माणिक' लिहू नये. 'लाल खडा एक, तपासलेला नाही' असे लिहून, भिंगाखाली दिसलेले तडे गिऱ्हाइकाला तिथेच दाखवून त्याची सही घ्यावी.