साडेतीन मिलिमीटरचा धडा

“साऊंडची काळजीच करू नका सर, आमच्याकडे सगळं आहे.” कोकणातल्या एका वाचनालयाच्या कार्यवाहांनी फोनवर असं सांगितलं आणि मी निर्धास्त झालो. चूक तिथेच झाली.

जुनी ध्वनिमुद्रणं लॅपटॉपवर घेऊन गावोगाव ऐकवत फिरायचं, हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग. त्या संध्याकाळी सुरुवात केसरबाई केरकरांच्या भैरवीने होती. गोव्यातल्या केरी गावच्या या बाईंची ती साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत आहे. हे सगळं रंगवून सांगितलं, श्रोते सरसावून बसले, मी बटण दाबलं.

काहीच नाही. पडद्यावर रेघा नाचताहेत, स्पीकर मुके.

“काका, तुमच्या लॅपटॉपलाच आवाज नाही,” साऊंडवाला पोरगा म्हणाला. मी हेडफोन लावला, तर बाई खणखणीत गात होत्या. म्हणून खात्रीसाठी अलीकडचं एक नाट्यगीत लावलं. आता तंबोरे आले, सभागृहाचा घुमारा आला, पण गायक गायब! विहिरीच्या तळाशी बसून कुणी गुणगुणावं तसा. त्याने लॅपटॉपला नावं ठेवली, मी मिक्सरला. साडेतीन शहाण्यांची गोष्ट आपण ऐकतो. आम्ही दोघे मिळून त्यातला अर्धाही भरत नव्हतो. शेवटी लॅपटॉपच्या स्पीकरसमोर माइक धरून वेळ मारून नेली. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी नंतर अगदी सहानुभूतीने विचारलं, “हे गायल्या तेव्हा बाईंना बरं नव्हतं का?” केसरबाई आंतरतारकीय अवकाशात पोहोचल्या, माझ्या लॅपटॉपपासून चार हातांवरच्या मिक्सरपर्यंत मात्र पोहोचल्या नाहीत.

पुण्यात तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने तार हातात घेताच रोग सांगितला. हेडफोनची साडेतीन मिलिमीटरची पीन, म्हणजे बाजारातली ईपी पीन, नीट पाहा. टोकाला डावा आवाज, मधल्या कड्याला उजवा, मुळाशी अर्थिंग. माइकच्या वायरमध्येही तीनच तारा असतात, पण तिथलं गणित निराळं. एकच आवाज एका तारेवर सुलट आणि दुसरीवर उलट येतो आणि मिक्सर त्यांची वजाबाकी करतो. वाटेत शिरलेली खरखर दोन्ही तारांवर सारखीच असते, म्हणून ती वजा होऊन जाते. युक्ती झकास आहे, फक्त ती माइकसाठी आहे. त्या पोराने माझी ईपी पीन एकाच वायरने माइकच्या सॉकेटला जोडली होती. जुनं ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे डावं-उजवं तंतोतंत सारखं. सारख्यातून सारखं गेलं, उरलं शून्य. नव्या ध्वनिमुद्रणात गायकाला बहुधा मधोमध ठेवतात, म्हणून तो गेला आणि कडेचे तंबोरे राहिले.

उपाय शंभर-दोनशे रुपयांचा आहे: एका टोकाला स्टिरिओ ईपी पीन आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या पी-थर्टीएट पिना, असली तार. त्या दोन पिना मिक्सरच्या लाइन इनपुटला लावायच्या. तार नसेल आणि लोक येऊन बसले असतील, तर लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये बॅलन्सची पट्टी पूर्ण डावीकडे सारा. उजवी बाजू शून्य झाली की वजा करायला काही उरत नाही आणि गाणं येतं. जुन्या मोनो गाण्यात तर यात काहीच गमावत नाही. हे मला त्या दिवशी ठाऊक असतं तर! माइकच्याच सॉकेटला जोडावं लागलं, तर आधी फँटम पॉवर बंद करून घ्या. ते ४८ व्होल्ट माइकसाठी असतात, लॅपटॉपला ते बाधू शकतात.

पुढच्या कार्यक्रमात, दुसऱ्या गावी, तार बरोबर होती. पण आता घूंऽऽ असा अखंड षड्ज लागला. चार्जरची पीन उपसली आणि तो थांबला. लॅपटॉप एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्यावर, आणि दोन्हींच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह स्पीकरमध्ये घुमत होता. तेव्हापासून बॅटरी पूर्ण भरूनच मी व्यासपीठावर चढतो. काही बहाद्दर यावर चार्जरची अर्थिंगची जाड पीनच कापून टाकतात. तसलं कृपा करून करू नका, ती पीन जीव वाचवण्यासाठी असते.

आवाजाच्या पातळीचंही एक आहे. लॅपटॉप बारीक आणि मिक्सर फुल्ल ठेवला की सूं सूं वाढते. लॅपटॉप पाऊण भागापर्यंत चढवा, बाकीचं मिक्सरवर. बास बूस्टसारखी नटवी सोंगं बंद करा. इंटरनेटही बंद करा, नाहीतर भैरवीच्या मध्येच तुमच्या व्हॉट्सअॅपची टिंग सगळं गाव ऐकतं. गाणी लॅपटॉपमध्ये उतरवून न्या. लॉजच्या वायफायवर विसंबू नये.

लॉजवर एकट्याने ऐकायचं तर लॅपटॉप गादीवर ठेवू नका. बऱ्याच लॅपटॉपचे स्पीकर पोटाशी असतात आणि गादी त्यांचं तोंड दाबते. कडक टेबलावर ठेवला की लगेच फरक कळतो. तरी डग्ग्याचा घुमार त्या चिमुकल्या स्पीकरांतून येणार नाही, त्याला साधा पण कानात घट्ट बसणारा इयरफोन हवा. गाडीतही तोच, कारण सैल इयरफोन लावला की खडखडाटावर मात करायला आपण आवाज वाढवत जातो आणि कानांचं नुकसान होतं.

माझी तार आता चष्म्याच्या डबीशेजारी, पिशवीच्या आतल्या कप्प्यात असते. तुम्हीही लॅपटॉप घेऊन कुठे निघालात आणि तिकडून कुणी “आमच्याकडे सगळं आहे” म्हणालं, तर फोन ठेवण्याआधी एवढंच विचारा: “पीन कुठली आहे?”