धक्काशोषकाची निवड

डोंगराळ व कच्च्या वाटांवर चालणाऱ्या गाडीची चाके जमिनीला धरून राहावीत यासाठी दोन अवयव एकत्र काम करतात : कमान आणि धक्काशोषक. गाडीचे वजन कमान पेलते. खड्ड्याचा पहिला आघातही तीच झेलते. परंतु दाबली गेलेली कमान तितक्याच जोमाने उसळते आणि आवर घातला नाही तर बराच वेळ वरखाली होत राहते. हा आवर म्हणजे धक्काशोषक. कारागिरांच्या बोलीत ‘शॉकअप’. त्याच्या नळीतील दट्ट्या तेलातून सरकतो, तेल अरुंद झडपांमधून वाट काढते आणि हालचालीतील ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते.

धक्काशोषक वजन पेलत नाही, ही गोष्ट विसरल्यामुळे निवडीत अनेक चुका होतात. मागील बाजूने खाली बसलेली गाडी कडक शॉकअप बसवून उचलली जात नाही. तेथे दोष थकलेल्या पाट्यांत किंवा अतिरिक्त ओझ्यात असतो आणि तो प्रथम दूर करावा लागतो.

बदलण्याची वेळ

नळीवरून ओघळणारे तेल, दांड्यावरील खोल ओरखडे, झिजलेले रबरी बुश आणि टायरवर ठिकठिकाणी पडलेले खळगे ही बिघाडाची लक्षणे होत. गाडीचा कोपरा हाताने दाबून पाहण्याची रीत पाट्यांच्या कमानीला फारशी लागू पडत नाही. १९८५ मध्ये भारतीय बाजारात आलेल्या मारुती जिप्सीला चारही चाकांवर अशा कमानी होत्या. पाटे एकमेकांवर घासत असल्याने त्यांच्यातच काही आवर असतो. म्हणून निकामी शॉकअप असलेली गाडीही उभ्या स्थितीत ठीक वाटू शकते. दोष उघड होतो तो वेगात : खडबडीत वळणावर चाक जमीन सोडते, आणि जमीन सोडलेल्या चाकावर ब्रेक व सुकाणू या दोहोंचाही अंमल चालत नाही.

लांबीचे मोजमाप

निवडीची पहिली कसोटी किंमत नव्हे, तर लांबी. गाडी सपाट जागी नेहमीच्या सामानासह उभी करून शॉकअपच्या वरच्या व खालच्या जोडांमधील अंतर मोजावे. नंतर कमान रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत दाबली गेली असताना आणि चाक पूर्ण लोंबत असताना तेच अंतर पुन्हा मोजावे. समजा, ही अंतरे अनुक्रमे ४००, ३२० व ५०० मिलिमीटर भरली. नव्या शॉकअपची मिटलेली लांबी ३२० पेक्षा काहीशी कमीच हवी, कारण रबरी ठोकळाही दबतो. ती जास्त असल्यास आघात ठोकळ्याऐवजी शॉकअपवर बसतो आणि जोड तुटतो.

हीच गाडी पाटे बदलून ५० मिलिमीटर उंच केली, तर उभ्या स्थितीतील अंतर ४५० होते. ५०० पर्यंतच उघडणाऱ्या जुन्या शॉकअपमध्ये मग खाली जाण्यासाठी १०० ऐवजी ५० मिलिमीटरच वाव उरतो आणि खोलगट जागी तो ताणाच्या टोकाला आदळतो. मात्र लांब शॉकअप घेताना ब्रेकची नळी व प्रॉपेलर शाफ्ट यांना तेवढी मोकळीक आहे किंवा नाही, हेही पाहावे.

एक नळी की दोन

दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये दट्ट्या आतील नळीत चालतो आणि बाहेरील नळीत राखीव तेल असते. दगड लागून बाहेरची नळी थोडी चेपली तरी काम चालू राहते. किंमतही कमी असते. एकेरी नळीत तेल बाहेरच्या भिंतीलाच भिडलेले असल्याने ते लवकर निवते, आणि अधिक दाबाखालील नायट्रोजन वायू तेलाला फेसाळू देत नाही. पण तिची भिंत चेपली की दट्ट्याच अडकतो.

स्पितीतील लोसरकडून कुंझुम खिंड ओलांडून ग्रांफूकडे जाणारी वाट दगडगोट्यांसाठी प्रसिद्ध आहे. अशा वाटेवर तास न् तास दट्ट्या धावत राहिला की तेल तापून पातळ होते, त्यात फेस धरतो आणि आवर ढिला पडतो. उंचावरील विरळ हवा उष्णताही कमी वाहून नेते. लांब, सलग व भरधाव प्रवासासाठी एकेरी नळी किंवा अधिक तेल मावणारी जाड नळी योग्य. मंद गतीने दगडांतून जाणाऱ्या गाडीला दुहेरी नळी बहुधा पुरते.

आवर किती असावा

कमान उसळतानाचा आवर सामान्यतः दाबल्या जातानाच्या आवरापेक्षा अधिक ठेवलेला असतो. तो प्रमाणाबाहेर वाढला तर एका उंचवट्यावर दबलेले चाक पुढचा उंचवटा येण्यापूर्वी पूर्वस्थितीवर येत नाही. गाडी क्रमाक्रमाने खाली बसत जाते आणि अखेर ठोकळ्यावर आदळू लागते. कडक म्हणजे मजबूत, हा समज येथे खोटा ठरतो. विक्रेत्याला म्हणूनच गाडीचे नाव सांगून भागत नाही. पाटे मूळचे की बदललेले, आणि नित्याचे ओझे किती, हेही सांगावे लागते.

शॉकअप एकाच आसावर नेहमी जोडीने बदलावेत. दुहेरी नळीचा शॉकअप बसवण्यापूर्वी उभा धरून काही वेळा पूर्ण उघडमीट करावा, म्हणजे आतील हवा निघून जाते. रबरी बुशमधून आरपार जाणारे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच अखेरचे आवळावेत. अन्यथा बुश कायमचे पिळलेले राहून लवकर फाटतात. काही शे किलोमीटर धावल्यानंतर सर्व जोड पुन्हा तपासले की काम पुरे झाले असे समजावे.