बारा वर्तुळे, एक आज्ञा

घड्याळाच्या तबकडीवरचे बारा आकडे कंपास व कोनमापक घेऊन तुम्ही सहज मांडाल. पण हेच काम संगणकाकडून करून घ्यायचे असेल तर? डोनाल्ड नूथ यांच्या 'टेक' या अक्षरजुळणीच्या आज्ञावलीला टिल टांटाऊ यांच्या 'टिक्झ'ची जोड दिली, की आकृती शब्दांत लिहून काढता येते.

बारा वर्तुळांसाठी बारा आज्ञा लागत नाहीत. 'न ला १ ते १२ या किमती द्या आणि दर खेपेस एक वर्तुळ काढून त्यात न लिहा' ही एकच आज्ञा पुरते. वर्तुळाची जागा कशी ठरवायची? टिक्झमध्ये कोन उजवीकडच्या आडव्या रेषेपासून, घड्याळाच्या उलट दिशेने मोजतात. म्हणून कोन = ९० − ३०न. न = ३ घातल्यास ० अंश येतात, न = ५ घातल्यास −६०. तबकडीवर ताडून पाहा.

आता समजा, ३, ६, ९ व १२ ही वर्तुळे तांबडी हवीत. येथे नियम सापडतो: न ला ३ ने भागून बाकी ० उरली तर तांबडा रंग, नाहीतर पांढरा. एका खेपेत बदललेला रंग पुढच्या खेपेत शिरेल अशी भीती नको. प्रत्येक खेप ही जणू बंद खोली. आत केलेला बदल बाहेर येत नाही.

पण शाळा ११ ला भरते आणि ५ ला सुटते, म्हणून तेवढीच दोन रंगवायची असतील तर? येथे नियम शोधत बसण्यात अर्थ नाही. सरळ जोड्यांची यादी द्यावी: ४/पांढरा, ५/तांबडा, याप्रमाणे. मात्र एक खोच आहे. ४ पुढचा रंग लिहायचा राहिला, तर यंत्र रंगाच्या जागी ४ च घेते. आणि '४' नावाचा रंग नसल्याने चूक दाखवून अडते.

काहीजण सगळी वर्तुळे आधी काढून हव्या त्यांवर नवी चढवतात. मला ही पद्धत पसंत नाही. नवे वर्तुळ लहान असले, की जुन्याची कड डोकावते.

वर्तुळांना दिलेली नावे मात्र खेप संपल्यावरही टिकतात. म्हणून ११ व ५ यांना जोडणारी रेषा मागाहून काढता येते. २४ तासांच्या तबकडीसाठी कोनाचे सूत्र कोणते होईल?