कंप्रतांची वाटणी

रेडिओ तरंगांचा कंप्रतापट्टा जमिनीसारखाच मर्यादित असतो. तो वाढविता येत नाही. काटकसरीने वापरता मात्र येतो. बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग यांनी १९४७ मध्ये यावर सुचविलेला उपाय असा, की शहराचे षट्कोनी कोष्ठांत विभाजन करावे आणि एका कोष्ठातील कंप्रता पुरेशा अंतरावरील दुसऱ्या कोष्ठात पुन्हा वापराव्या.

बेंगळूरचे उदाहरण घेऊ. भारतातील भ्रमणध्वनीच्या पहिल्या परवान्यांत प्रत्येक कंपनीस दर दिशेला फार तर सुमारे साडेचार मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा मिळे. जीएसएम पद्धतीत एका वाहक तरंगास २०० किलोहर्ट्‌झ लागतात. म्हणजे वाहक २२. सात कोष्ठांचा गट केल्यास प्रत्येकाच्या वाट्यास जेमतेम तीन येतात. प्रत्येक वाहकावर आठ जण पाळीपाळीने बोलतात. नियंत्रणासाठी एकदोन पाळ्या राखून ठेवल्यावर मॅजेस्टिक बसस्थानकाभोवतालच्या कोष्ठात एका वेळी अवघी बावीस-तेवीस संभाषणे चालू शकतील! तेविसाव्या-चोविसाव्या माणसाने थांबावयाचे. म्हणून अभियंत्यास कोष्ठ लहान करावे लागतात. त्रिज्या निम्मी केली, की तेवढ्याच क्षेत्रात चौपट कोष्ठ बसतात. सात कोष्ठांच्या गटात तीच कंप्रता त्रिज्येच्या सुमारे ४.६ पट अंतरावर पुन्हा वापरता येते. त्रिज्या एक किलोमीटर असेल, तर महात्मा गांधी रस्त्यावरील कंप्रता जयनगरातही चालेल.

प्रत्येक पाळी ५७७ मायक्रोसेकंदांची असते. दूरच्या ग्राहकाचा संदेश उशिरा पोहोचून शेजाऱ्याच्या पाळीत घुसू नये म्हणून केंद्र त्याला थोडे आधी बोलावयास सांगते. ही सवलत सुमारे ३५ किलोमीटरपर्यंतच पुरते. नंदीदुर्ग शहराच्या मध्यापासून सरळ रेषेत सुमारे ४५ किलोमीटर आहे. तेथे शहरातील मनोऱ्याचे तरंग पोहोचले, तरी सर्वसाधारण व्यवस्थेत त्या मनोऱ्यामार्फत बोलता येणार नाही. अडचण तरंगाच्या दुर्बलतेची नसून वेळेची आहे.

आता विरूपणाकडे वळू. आवाजाचे शून्य-एक अंकांत रूपांतर झाले, की ते अंक वाहक तरंगावर चढवावे लागतात. जीएसएममध्ये तरंगाची उंची स्थिर ठेवून केवळ त्याची कला बदलतात: एका अंकासाठी पाव फेरा पुढे, दुसऱ्यासाठी पाव फेरा मागे. हे वळण एकदम घेतले, तर ऊर्जा शेजारच्या पट्ट्यात सांडते. म्हणून ते आधी गुळगुळीत करतात. उंची स्थिर असल्याने हातातील यंत्राचा विवर्धक कमी वीज खातो, हा लाभ लहान नाही.

बेंगळूरच्या उंच इमारतींवरून परावर्तित झालेले तरंग मागेपुढे पोहोचतात व एकमेकांत मिसळतात. यासाठी प्रत्येक पाळीच्या मध्यभागी ग्राहकयंत्रास आधीच ठाऊक असलेले २६ अंक पाठवितात. त्यांचे झालेले विकृतीकरण पाहून यंत्र उरलेल्या अंकांचे मूळ रूप ओळखते.

२०२२ च्या ऑक्टोबरात शहरात आलेल्या पाचव्या पिढीत पट्टा अनेक अरुंद उपवाहकांत विभागला जातो. त्यांतील प्रत्येकाची उंची व कला दोन्ही बदलून एका खेपेस सहा किंवा आठही अंक पाठविता येतात. मात्र त्यासाठी संदेश स्वच्छ हवा. ग्राहक कोष्ठाच्या कडेला गेला, की केंद्र मुकाट्याने दोन अंकांवर उतरते.